रोबो, मेंदूसारख्या चिप आणि पॉवर इलेक्ट्रॉनिक्स : संशोधनाकडे वळणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेटचा, म्हणजे अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेचा, निकाल लागला की आणि पुन्हा प्रवेशाच्या धामधुमीत मला तेच ते प्रश्न येतात. विचारणारे बहुतेक बीईच्या शेवटच्या वर्षातले असतात, काही डिप्लोमाला शिकवणारे, आणि मधूनच एखाद्या आईचा किंवा वडिलांचा काळजीचा फोन. उत्तरं ठरलेलीच असतात, म्हणून एका जागी लिहून ठेवली आहेत. मी पॉवर इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस, बाकी दोन विषयांशी माझा शेजारधर्म. माप कुठे झुकलेलं दिसलं तर समजून घ्या.

१. हे तीन विषय एकाच विभागात कसे काय? एकमेकांशी काही संबंध आहे का यांचा?

आहे, आणि तो विजेच्या हिशोबाचा आहे. चालणारा रोबो घ्या. बॅटरीतली वीज कन्व्हर्टरमधून मोटरला जाते, हे पॉवर इलेक्ट्रॉनिक्स. पाय कधी, कुठे टाकायचा हे ठरवणं म्हणजे रोबॉटिक्स. समोरचा खड्डा ओळखायला जी चिप लागते ती त्याच बॅटरीवर जगते, आणि ती किती कमी विजेत काम करेल हा मेंदूप्रेरित, म्हणजेच न्यूरोमॉर्फिक, संगणनाचा प्रश्न.

चालण्याची किंमत मोजायची एक सोपी रीत आहे : खर्च झालेली ऊर्जा भागिले वजन आणि अंतर यांचा गुणाकार. माणसासाठी हा आकडा साधारण ०.२ येतो. २००५ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी उताराच्या तत्त्वावर चालणाऱ्या खेळण्यांवरून सुचलेला दोन पायांचा रोबो दाखवला, त्याचाही आकडा ०.२ च्या आसपास होता. त्याच काळातल्या होंडाच्या प्रसिद्ध असिमोसाठी त्यांनी काढलेला अंदाज होता ३.२, म्हणजे तेवढंच वजन तेवढंच अंतर न्यायला सोळापट ऊर्जा. असिमो जिने चढायचा, हस्तांदोलन करायचा. कॉर्नेलचा रोबो सपाटीवर सरळ चालण्यापलीकडे फारसं काही करत नव्हता. पण हा फरक पाहिला की तिन्ही विषयांची माणसं एका टेबलाशी का बसतात ते कळतं.

२. न्यूरोमॉर्फिक म्हणजे एआयच ना? नाव नवीन, माल जुना?

नाही. नाव तर मुळीच नवीन नाही. कॅल्टेकच्या कार्व्हर मीड यांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी ते रूढ केलं. त्यांची विद्यार्थिनी मिशा महोवाल्ड हिने डोळ्याच्या पडद्यासारखं वागणारं सिलिकॉनचं सर्किट बनवलं, तेही त्याच काळात.

आज ज्याला सरसकट एआय म्हणतात ते बहुतांशी मोठमोठे गुणाकार-बेरजांचे तक्ते असतात. साध्या संगणकात आकडे मेमरीत असतात आणि हिशोब प्रोसेसरमध्ये. प्रत्येक आकडा तिथून इथे आणायचा, परत ठेवायचा. म्हणजे सामान माळ्यावर आणि ओटा खाली. प्रत्येक फोडणीला शिडी चढा. वीज बरीचशी या शिडीवर खर्च होते.

मेंदूत मेमरी आणि हिशोब एकाच जागी असतात, चेतापेशींमधल्या सांध्यांवर. शिवाय चेतापेशी सतत बोलत नाही. काही सांगण्यासारखं असलं तरच एक छोटा ठोका पाठवते, एरवी गप्प. न्यूरोमॉर्फिक चिप या दोन सवयी उचलते. चिपवर काय शिकवायचं हा भाग एआयशी जुळतो, पण चिप कशी बांधायची हा निराळा धंदा आहे.

३. मग ती चिप माझ्या लॅपटॉपपेक्षा वेगवान असते का?

बहुतेक कामांत नाही. एक्सेलचा तक्ता तिच्यावर चालवायला जाल तर फजिती होईल. तिचा फायदा अशा कामात, जिथे बराच वेळ काहीच घडत नाही आणि घडलं की लगेच ओळखायचं असतं : यंत्राच्या बेअरिंगचा बिघडलेला आवाज, अंगाला चिकटून बसणारं हृदयाचे ठोके मोजणारं उपकरण, ड्रोनच्या वाटेत अचानक आलेली तार.

याला जोडीदार म्हणून एक खास कॅमेरा असतो. त्यातला प्रत्येक पिक्सेल स्वतंत्र असतो आणि आपल्यावरचा उजेड बदलला तरच निरोप पाठवतो. दृश्य स्थिर असेल तर जवळपास शांतता. झुरिकच्या न्यूरोइन्फॉर्मेटिक्स संस्थेत २००० नंतरच्या दशकात हा कॅमेरा वापरण्याजोगा झाला. बदलाची वेळ तो मायक्रोसेकंदात नोंदवतो, त्यामुळे वेगात वळणाऱ्या ड्रोनलाही चित्र फारसं फिसकटत नाही. रोबॉटिक्स आणि न्यूरोमॉर्फिक यांची सोयरीक मला सर्वांत पटते ती इथे.

४. मेंदू २० वॅटवर चालतो आणि चिपनेही तेवढं गाठलंय, असं वाचलं. खरं आहे का?

पहिलं अर्धं खरं. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात आणि त्याला साधारण २० वॅट लागतात, म्हणजे एका बऱ्यापैकी एलईडी ट्यूबइतके.

दुसऱ्या अर्ध्यासाठी कागद-पेन्सिल घ्या. आयबीएमच्या २०१४ च्या ट्रूनॉर्थ चिपमध्ये १० लाख कृत्रिम चेतापेशी आणि २५.६ कोटी सांधे होते, आणि चालताना ती सुमारे ७० मिलिवॅट घ्यायची. आकडा थक्क करणारा आहे. पण ८,६०० कोटी चेतापेशींसाठी अशा ८६,००० चिप लागतील, म्हणजे सुमारे ६ किलोवॅट. त्यात चिप एकमेकींशी बोलतील त्याचा खर्च धरलेला नाही. प्रत्येक पेशीला २५६ सांधे धरलेत. मेंदूत ते हजारोंनी असतात. इंटेलच्या २०२४ च्या हाला पॉइंट या यंत्रणेत ११५ कोटी चेतापेशी आहेत, तीही संख्या मेंदूच्या दीड टक्क्याहून कमी.

मुख्य म्हणजे चिपवरची 'चेतापेशी' हे खऱ्या पेशीचं व्यंगचित्र असतं. साठत जाते, थोडी गळते, हद्द ओलांडली की ठोका देते आणि पुन्हा रिकामी होते. हॉजकिन आणि हक्सले यांनी १९५२ मध्ये स्क्विडच्या मज्जातंतूवरून मांडलेली समीकरणं याहून कितीतरी गुंतागुंतीची आहेत. तेव्हा 'मेंदूइतकी चिप' असं कुणी म्हणालं की विचारा, कशात इतकी?

५. मेमरिस्टर म्हणजे नक्की काय? यावर काम करावं का?

रेझिस्टरच, पण आठवण असलेला. त्यातून जसा प्रवाह गेला त्याप्रमाणे त्याचा रोध बदलतो, आणि वीज बंद केली तरी तो बदल टिकतो. लिऑन चुआ यांनी १९७१ मध्ये कागदावर असा घटक असायला हवा असं मांडलं. एचपीच्या प्रयोगशाळेने २००८ मध्ये टायटॅनियम डायऑक्साइडच्या पातळ थरात तो दाखवला. उभ्या-आडव्या तारांच्या जाळीत प्रत्येक चौकात एक मेमरिस्टर बसवला की ओहम आणि किर्चहॉफचे नियमच गुणाकार-बेरीज करून देतात. दहावी-बारावीला पाठ केलेल्या नियमांचा इतका सुंदर उपयोग मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

अडचण अशी की एका जाळीतले दोन मेमरिस्टर सारखे वागत नाहीत, आणि आजचा उद्याही तसाच वागेल याची खात्री नसते. अर्धे प्रबंध या लहरीपणाशी झुंजण्यातच जातात. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या गटाने २०२४ मध्ये नेचरमध्ये रेणूंच्या थराचा घटक मांडला, ज्यात १४ बिट, म्हणजे १६ हजारांहून अधिक वेगळ्या अवस्था ठेवता येतात. म्हणून त्याचा एवढा बोलबाला झाला.

काम करावं का? रसायन, पदार्थविज्ञान आणि सर्किट या तिन्हींत नाक खुपसायची तयारी असेल तर जरूर. नुसती कोडिंगची आवड असेल तर आधी प्रश्न ११ पाहा.

६. मी रोबोकॉनच्या टीममध्ये होतो. म्हणजे रोबॉटिक्समध्ये संशोधनाची तयारी झाली, असं धरू का?

हात बसला आहे, ही मोठी शिदोरी आहे. एबीयू रोबोकॉन ही कॉलेजांची आंतरराष्ट्रीय रोबो-स्पर्धा पुण्यात २००८ आणि २०१४ मध्ये झाली. त्या मांडवात रात्री अडीचला सोल्डरिंग करणारी मुलं पुढे चांगली संशोधक झालेली मी पाहिली आहेत. आयआयटी मुंबईची 'मत्स्य' ही पाण्याखालची रोबो-नौका विद्यार्थ्यांनीच वर्षानुवर्षं वाढवली. तिथल्याच ई-यंत्र प्रकल्पाने राज्यातल्या किती कॉलेजांत पहिला रोबो पोचवला त्याची गणती नाही.

पण स्पर्धेत रोबो एकदा जिंकला की काम झालं. संशोधनात तो शंभरदा चालवायचा, सत्तावन्न वेळा का पडला ते सांगायचं, आणि दुसऱ्या कुणाच्याही हातात तो तसाच चालेल असं दाखवायचं. स्पर्धेत पीआयडीचे, म्हणजे मोटर ताब्यात ठेवणाऱ्या नियंत्रकाचे, आकडे अंदाजाने फिरवून जमवता, इथे ते आकडे तेच का हे लिहावं लागतं. त्यासाठी लिनिअर अल्जिब्रा, कंट्रोल आणि प्रॉबॅबिलिटी लागते. रोबोकॉनवाल्यांचं या तिघांशी सहसा वाकडं असतं, कारण त्या तासांना ते वर्कशॉपमध्ये होते.

एक व्यवहाराची गोष्ट : रॉस (रोबोचे प्रोग्रॅम लिहायची सॉफ्टवेअर-चौकट) शिकत असाल तर थेट रॉस २ पासून सुरुवात करा. जुन्या रॉसच्या शेवटच्या आवृत्तीचा, नोएटिकचा, आधार मे २०२५ मध्ये संपला.

७. पॉवर इलेक्ट्रॉनिक्स म्हणजे शेवटी महावितरणची नोकरी ना?

हा प्रश्न बहुधा वडिलांचा असतो. काका, तुमच्या मुलाने महावितरणमध्ये नोकरी केली तरी वाईट काय आहे? पण विषय तो नव्हे. एका रूपातली वीज दुसऱ्या रूपात कमीत कमी वाया घालवून न्यायची, हे पॉवर इलेक्ट्रॉनिक्स. सेमीकंडक्टरचे स्विच सेकंदाला हजारो, लाखो वेळा उघडबंद करून ते साधतं.

मुंबईच्या लोकलमध्ये बसा. जुन्या गाड्या १,५०० व्होल्ट डीसीवर, मोठाल्या रेझिस्टरमध्ये ऊर्जा जाळत वेग घ्यायच्या. २००७ नंतर आलेल्या गाड्यांत इन्व्हर्टर (डीसीची एसी करणारं सर्किट) आणि थ्री-फेज मोटर आहेत. सुटताना जो सूर चढत जातो तो इन्व्हर्टरच्या स्विचिंगचा, आणि ब्रेक लावला की मोटरच जनरेटर होऊन वीज तारेत परत ढकलते. दुसरं उदाहरण चंद्रपूर ते पडघे. कोळशाजवळ तयार झालेली वीज साडेसातशे किलोमीटर मुंबईच्या दिशेने ५०० किलोव्होल्ट डीसीने येते, १,५०० मेगावॉटपर्यंत. दोन्ही टोकांना थायरिस्टर या सेमीकंडक्टर स्विचांच्या इमारतीएवढ्या रांगा टांगलेल्या असतात. सोलर, चार्जर, एसी, डेटा सेंटर, सगळीकडे हीच विद्या.

यातला एक पायाचा दगड भारतीय माणसाच्या नावावर आहे. आयआयटी मद्रासमधून १९६९ मध्ये बीटेक झालेले बी. जयंत बालिगा यांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये असताना आयजीबीटी हा मोठी वीज हाताळणारा सेमीकंडक्टर स्विच विकसित केला. २०२४ चं मिलेनियम टेक्नॉलॉजी प्राइझ त्यांना त्यासाठीच मिळालं. आमच्या मुलांना क्रिकेटच्या संघाचा अकरावा खेळाडू माहीत असतो, बालिगा नाही.

८. सिलिकॉन कार्बाइड आणि गॅलियम नायट्राइडचं एवढं कौतुक कशासाठी?

ही दोन्ही सिलिकॉनऐवजी स्विच बनवायची द्रव्यं. साध्या सिलिकॉनचा बँडगॅप, म्हणजे इलेक्ट्रॉनला मोकळं व्हायला लागणारी ऊर्जा, १.१२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. सिलिकॉन कार्बाइडचा ३.२६, गॅलियम नायट्राइडचा ३.४. यामुळे ही द्रव्यं जवळजवळ दहापट तीव्र विद्युतक्षेत्र सोसतात. तेवढंच व्होल्टेज अडवायला थर एक दशांश जाडीचा पुरतो. थर पातळ, म्हणून रोध कमी, म्हणून उष्णता कमी. स्विच जलद चालतो, म्हणून कॉइल आणि कपॅसिटर लहान होतात. हातात मावणारा ६५ वॅटचा चार्जर गॅलियम नायट्राइडमुळे आला. टेस्लाने मॉडेल ३ च्या इन्व्हर्टरमध्ये सिलिकॉन कार्बाइड घातल्यावर गाड्यांच्या जगाने मान वळवली. ढोबळमानाने ६५० व्होल्टपर्यंत गॅलियम नायट्राइड आणि १,२०० च्या वर सिलिकॉन कार्बाइड, मधल्या पट्ट्यात भांडण चालू आहे.

आता दुसरी बाजू. व्होल्टेज इतकं झपाट्याने चढतं-उतरतं की मोटरच्या पहिल्या काही वेढ्यांच्या इन्सुलेशनवर ताण येतो, बेअरिंगमधून नको ते प्रवाह वाहतात, आणि शेजारच्या टेबलावरचा मायक्रोकंट्रोलर विनाकारण रीसेट होतो. बोर्डवरची दोन सेंटिमीटरची वाट जास्त लांब ठरते. जुन्या पद्धतीने लेआउट करणाऱ्याला हा घटक पहिल्याच दिवशी धडा शिकवतो. संशोधनाला जागा आहे ती इथेच.

९. मी मेकॅनिकलचा / बीएस्सी फिजिक्सची / डिप्लोमा करून बीई केलेला. मला घेतील का?

रोबॉटिक्समध्ये मेकॅनिकलवाल्यांना मानाचं पान. मेमरिस्टरच्या कामात फिजिक्सची एमएस्सी कित्येकदा इलेक्ट्रॉनिक्सच्या बीईपेक्षा उपयोगी. डिप्लोमावाल्यांना मी स्वतः झुकतं माप देतो, कारण मल्टिमीटर कसा धरायचा हे त्यांना सांगावं लागत नाही. कागदोपत्री मात्र प्रत्येक संस्थेची पात्रतेची यादी निराळी असते. ती माहितीपुस्तिकेतून वाचा, मित्राच्या मित्राकडून नको. मराठी माध्यमाची भीती असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात बरेच सॉफ्टवेअर-पाठ मराठीतून ऐकायला मिळतात. इंग्रजी लिहिण्याची सवय पहिल्या वर्षात लागते, सगळ्यांनाच लागते.

१०. गेट लागतंच का? आणि पोटापाण्याचं काय?

एमटेकला स्टायपेंड हवा तर गेट हवंच. तो महिना १२,४०० रुपये आहे. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो. पीएचडीची फेलोशिप २०२३ पासून पहिली दोन वर्षं ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये. पंतप्रधान संशोधन फेलोशिपमध्ये रक्कम ७०,००० पासून सुरू होऊन ८०,००० पर्यंत जाते, पण तिची चाळणी बारीक आहे.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांनी बार्टी, सारथी आणि महाज्योती यांच्या पीएचडी अधिछात्रवृत्त्यांच्या जाहिराती डोळ्यांत तेल घालून पाहाव्यात. दरवर्षी कुणीतरी जातवैधता प्रमाणपत्र वेळेत न मिळाल्याने हळहळतं.

बीईनंतर थेट पीएचडी होते का, हेही इथेच सांगतो. होते. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असतील तर वाट मोकळी आहे, आयआयट्यांचे निकष त्यांचे स्वतःचे. पण एमटेक न करता उडी मारणाऱ्याने पहिल्या दीड वर्षात स्वतःला मूर्ख समजायची तयारी ठेवावी. तसं वाटणं स्वाभाविक असतं.

११. आमच्या कॉलेजात यातलं काहीच उपकरण नाही. घरी बसून काय करू?

बरंच. चेतापेशींच्या जाळ्यांसाठी ब्रायन आणि नेस्ट ही सिम्युलेटर फुकट आहेत. पॉवर सर्किटसाठी एलटीस्पाइस, किंवा आयआयटी मुंबईतल्या फॉसी गटाचं ईसिम. रोबोसाठी रॉस २ आणि गझिबो. पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला हजार-दीड हजारात १२ व्होल्टवरून ५ व्होल्ट करणारा बक कन्व्हर्टर सुट्या भागांतून जमतो. तो बनवा. मग सिम्युलेशनमधली आणि खऱ्या तारेवरची लहर शेजारी ठेवा आणि फरक का पडला ते दोन पानांत लिहा. माझ्याकडे येणाऱ्या अर्जांत मी आधी ही दोन पानं शोधतो. सर्टिफिकेटांचा गठ्ठा शेवटी पाहतो, कधी पाहतही नाही.

घरी प्रयोग करताना १२ व्होल्टच्या वर जाऊ नका. का, ते प्रश्न १३ मध्ये.

१२. स्वतःची चिप बनवायची असेल तर? भारतात फॅब, म्हणजे चिपचा कारखाना, कुठे आहे?

तीन वाटा आहेत. डिजिटल कल्पना असेल तर आधी एफपीजीएवर (हवी तशी जोडणी करता येणाऱ्या तयार चिपवर) उतरवा, पीएचडीची पहिली दोन वर्षं त्यात भागतात. सिलिकॉनच हवं असेल तर मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटरची प्रक्रिया आहे. १८० ऐकून नाक मुरडू नका, अ‍ॅनालॉग चेतापेशीला ती उत्तम पुरते. शैक्षणिक संस्थांना चिप आखायची सॉफ्टवेअर आणि बनवून घ्यायची सोय केंद्राच्या चिप्स टु स्टार्टअप कार्यक्रमातून मिळू शकते. आणि मेमरिस्टरसारखा एकेकटा घटक बनवायचा असेल तर आयआयटी मुंबई, भारतीय विज्ञान संस्था अशा ठिकाणच्या स्वच्छ-कक्षांत बाहेरच्या कॉलेजच्या संशोधकांना इनअप योजनेतून काम करता येतं. नांदेडच्या किंवा रत्नागिरीच्या प्राध्यापकांनाही. आधी प्रशिक्षण, मग प्रस्ताव, मग बनी-सूट, म्हणजे स्वच्छ-कक्षात घालायचा डोक्यापासून पायापर्यंतचा पोशाख. ही सोय २००८ पासून आहे आणि अजून कित्येकांना ठाऊक नाही.

१३. आई विचारते, पॉवर लॅबमध्ये धोका असतो का?

असतो. तिला खोटं सांगू नका.

१,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ४०० व्होल्टला भरला की त्यात ८० ज्यूल असतात, आणि मेन स्विच बंद केला तरी ते तिथेच असतात. त्यावर १०० किलोओहमचा रेझिस्टर रिकामा करायला लावला असेल तर पुरेसा उतरायला आठेक मिनिटं लागतात. चहा पिऊन या, मग मोजा, मगच हात लावा. ऑसिलोस्कोपची (व्होल्टेजची लहर पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राची) अर्थिंगची पिन काढून 'फ्लोटिंग' मोजायची एक वाईट परंपरा बऱ्याच लॅबमध्ये आहे. त्या क्षणी ऑसिलोस्कोपचं अख्खं धातूचं अंग जिवंत झालेलं असतं. डिफरन्शियल प्रोब महाग वाटतो, पण तोच लागतो. एकट्याने काम नाही, रात्री तर नाहीच.

मी पीएचडीच्या दुसऱ्या वर्षात कन्व्हर्टरच्या वरच्या आणि खालच्या स्विचमधला मोकळा वेळ शंभर नॅनोसेकंदांऐवजी चुकून दहा ठेवला होता. दोन्ही एकदम चालू झाले. मॉसफेटचं, म्हणजे त्यातल्या एका स्विचचं, टोपण छताला लागून माझ्या टेबलावर परत आलं. चष्मा होता म्हणून हे लिहितोय. ते टोपण अजून ड्रॉवरमध्ये आहे, नवीन मुलं आली की दाखवतो.

रोबॉटिक्सवाल्यांनी हसू नये. त्यांच्या फुगलेल्या लिथियम-पॉलिमर बॅटऱ्या हा वेगळा अध्याय आहे.

१४. नुसत्या सिम्युलेशनवर पीएचडी होते का?

कागदावर होते. कंट्रोलच्या सिद्धांतात किंवा शिकण्याच्या पद्धतींत ती चांगलीही होऊ शकते, तिथे सिद्धता हाच प्रयोग असतो. पण कन्व्हर्टरवर काम केलं आणि हार्डवेअर नाही, तर व्हायवाला पहिलाच प्रश्न तो येईल.

१५. माझा कन्व्हर्टर ९८.५ टक्के कार्यक्षम आला. गाईड विश्वास ठेवत नाहीत. का?

कारण गाईडनी हा हिशोब केला आहे. १,००० वॅट आत, ९८५ बाहेर, म्हणजे १५ वॅट वाया. तुमच्या दोन्ही मीटरची चूक अर्धा टक्का धरली तर प्रत्येकाची ५ वॅट. दोन्ही चुका विरुद्ध दिशेला गेल्या तर खरा व्यय ५ वॅट असेल किंवा २५. म्हणजे कार्यक्षमता ९७.५ पासून ९९.५ पर्यंत काहीही. दोन मोठ्या आकड्यांची वजाबाकी करून लहान आकडा काढायचा असला की हेच होतं. चांगला पॉवर अ‍ॅनलायझर वापरा, आणि जमलं तर उष्णता थेट मोजा : बंद पेटीत कन्व्हर्टर ठेवून पेटी किती तापते ते पाहा, मग तोच ताप ठाऊक वॅटच्या हीटरने देऊन ताडून घ्या. कंटाळवाणं आहे, पण याला तोड नाही.

चिपवाल्यांकडे हाच आजार निराळ्या रूपात असतो. 'एका ठोक्याला इतके पिकोज्यूल' असा आकडा छापतात, पण घड्याळ, मेमरी, बाहेरची जोडणी आणि चिप नुसती बसून पिते ती वीज त्यात असते का, ते तळटीपेत शोधावं लागतं.

१६. पेटंट आधी की पेपर आधी? कॉलेजच्या प्रदर्शनात दाखवलं तर चालेल का?

पेटंटचा अर्ज आधी. कल्पना जाहीर झाली की नवेपणा गेला, आणि जाहीर होणं म्हणजे पेपर, पोस्टर, यूट्यूबवरचा व्हिडिओ, कधीकधी लायब्ररीत ठेवलेला प्रोजेक्ट रिपोर्टसुद्धा. १९७० च्या पेटंट कायद्याच्या ३१ व्या कलमात सरकारने अधिसूचित केलेलं प्रदर्शन किंवा विद्वत्सभेत वाचलेला निबंध यांना १२ महिन्यांची सवलत आहे, पण कॉलेजच्या वार्षिक टेकफेस्टला अधिसूचना नसते. सुटकेची वाट म्हणजे प्रोव्हिजनल अर्ज : आधी तो टाका, दुसऱ्या दिवशी पेपर पाठवा, आणि १२ महिन्यांत पूर्ण अर्ज भरा. शिक्षणसंस्थांना फीमध्ये ८० टक्के सूट आहे.

एक पेच. ३(के) कलमाखाली निव्वळ कॉम्प्युटर प्रोग्रॅम किंवा अल्गोरिदमला पेटंट मिळत नाही. रोबोची नवी वाट-शोधण्याची युक्ती नुसत्या युक्तीच्या रूपात मांडली तर अर्ज अडकतो. तीच एखाद्या ठरावीक यंत्रणेच्या तांत्रिक परिणामाशी बांधून मांडली तर निदान वाद घालायला जागा राहते. आणि संस्थेच्या पगारावर, संस्थेच्या उपकरणांवर केलेल्या कामाचं पेटंट बहुधा संस्थेच्या नावाने जातं, तुम्ही संशोधक म्हणून राहता. प्रवेशाच्या वेळी सही केलेल्या कागदांत ते लिहिलेलं असतं.

१७. पुण्यात नोकरी करतो. नोकरी सांभाळून पीएचडी जमेल?

यूजीसीच्या नियमांत अर्धवेळ पीएचडीला मुभा आहे, मालकाचं ना-हरकत पत्र लागतं. मात्र आधी कंपनीच्या माणसाशी गोपनीयतेवर बोलून घ्या. बॅटरीच्या चार्जरवर काम करणाऱ्या एका मुलाचं सगळं मोजमाप कंपनीच्या लॅबमध्ये झालं होतं, आणि प्रबंध छापायच्या वेळी कंपनीने अर्धे आलेख रोखले. दोन वर्षं गेली. विषय असा निवडा की मोजमाप विद्यापीठाच्या टेबलावर होईल. पेटंटचं गणितही तिथे तिरकं होतं, प्रश्न १६ पाहा.

१८. गाईड निवडताना काय विचारू?

त्यांच्या पेपरांची संख्या विचारू नका, ती इंटरनेटवर आहे. त्यांच्या तिसऱ्या वर्षातल्या विद्यार्थ्याला गाठा, कँटीनमध्ये, आणि चार गोष्टी विचारा. शेवटची महागडी वस्तू मागवल्यापासून हातात यायला किती महिने लागले? लॅबमधला ऑसिलोस्कोप किती जणांत आहे? सर किंवा मॅडम शेवटचं टेबलापाशी कधी उभे राहिले होते? आणि आधीची मुलं किती वर्षांत बाहेर पडली? यूजीसीची मर्यादा सहा वर्षांची आहे, वाढीव मुदत निराळी. चौथ्या प्रश्नाला विद्यार्थ्याने चहाचा घोट लांबवला तर पुढच्या लॅबचं दार ठोठवा.

चहाचे पैसे तुम्ही द्या. फेलोशिप कधीकधी तीन-तीन महिने उशिरा येते.